दोन फोटोंमधला फरक

आकाशाचे फोटो काढणाऱ्या हौशी मंडळींना एडवर्ड इमर्सन बर्नार्ड हे नाव ठाऊक असते. १८५७ मध्ये अमेरिकेतील नॅशव्हिल येथे त्यांचा जन्म झाला. वडील त्याआधीच वारले होते. घरात कमालीची गरिबी, शाळा जेमतेम दोन महिने. नवव्या वर्षी ते एका फोटो स्टुडिओत कामाला लागले. तिथे फोटो मोठा करायला सूर्यप्रकाश वापरत. ते अवजड यंत्र सतत सूर्याच्या दिशेने वळवत राहायचे, हे त्या मुलाचे काम. नजर न हलवता तासन्‌तास उभे राहण्याची सवय तिथेच लागली.

पैसे जमवून त्यांनी ५ इंची दुर्बीण घेतली आणि नोकरी सांभाळून धूमकेतू शोधू लागले. नव्या धूमकेतूला तेव्हा २०० डॉलर बक्षीस मिळे. त्या पैशांवर त्यांनी घर उभे केले.

पुढे कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत ते दुर्बीण ताऱ्यांबरोबर हाताने सरकवत दीर्घकाळ फोटो घेत. ऑक्टोबर १८९२ मधील अशाच एका काचेवर तारे ठिपक्यांसारखे उमटले, पण त्यांत एक पुसट रेघ होती. ताऱ्यांच्या मधून आपल्या चालीने सरकणारा तो धूमकेतू होता. फोटोवरून सापडलेला हा पहिला धूमकेतू.

१९१६ मध्ये त्यांनी नवी काच १८९४ च्या काचेशी ताडून पाहिली. एक मंद तारा जागचा हलला होता. चंद्राच्या रुंदीएवढे अंतर कापायला त्याला सुमारे १७५ वर्षे लागतात, तरी आकाशात सर्वांत वेगाने सरकणारा तारा तोच. आज तो बर्नार्डचा तारा म्हणून ओळखला जातो. जुनी काच जपली नसती, तर हे कळलेच नसते.

उतारवयात त्यांना मधुमेह झाला. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत रुग्णाला पहिल्यांदा इन्सुलिन दिले गेले, पण ते सर्वत्र पोचण्याआधीच, ६ फेब्रुवारी १९२३ रोजी बर्नार्ड गेले.

आम्हा डॉक्टरांचे कामही असेच चालते. छातीच्या एक्स-रेवर डाग दिसला, तर तो जुन्या क्षयाचा व्रण की नवा आजार, हे एका फिल्मवरून अनेकदा ठरत नाही. वर्षानुवर्षे न बदललेला डाग बहुधा निरुपद्रवी असतो. काही महिन्यांत वाढलेल्याची तपासणी लगेच करावी लागते. सरकारी रुग्णालयात रोज असे रुग्ण येतात, ज्यांचे जुने एक्स-रे घर रंगवताना रद्दीत गेलेले असतात. मग पुन्हा तपासण्या, पुन्हा खर्च आणि जिवाला घोर.

तेव्हा जुने एक्स-रे आणि रिपोर्ट तारखेनुसार एका पिशवीत ठेवा आणि दवाखान्यात येताना ती पिशवी सोबत आणा.