सुराचा रंग उलगडणारा डॉक्टर

हेर्मान हेल्महोल्ट्झ यांचा जन्म १८२१ मध्ये पॉट्सडॅमला झाला. ओढ भौतिकशास्त्राची, पण वडील शिक्षक, मिळकत बेताची. म्हणून लष्करी सेवेच्या अटीवर मोफत मिळणारे वैद्यकीय शिक्षण त्यांनी पत्करले. १८५१ मध्ये डोळ्याचा पडदा पाहण्याचे उपकरण त्यांनी जगापुढे आणले. पुढे ते कानाकडे वळले. एकाच पट्टीतली बासरी आणि व्हायोलिन वेगळी का वाटतात? उपस्वरांच्या कमी-अधिक प्रमाणामुळे, हे त्यांनी १८६३ च्या ग्रंथात मांडले. विद्युतचुंबकाने कंप पावणारे अनेक नादकाटे एकत्र वाजवून त्यांनी ‘ओ’, ‘ऊ’ यांसारखे स्वर घडवले. १८९४ मध्ये ते निवर्तले. ॲनालॉग सिंथेसायझरच्या ऑसिलेटरवर लहरीचा आकार बदलला, की हेच प्रमाण बदलते: करवती लहरीत सगळे उपस्वर, चौकोनी लहरीत तिप्पट, पाचपट असे विषमच. म्हणून ती पोकळ वाटते.