चेंडूला डावीकडे जाऊ न देणारा माणूस

गोल्फ म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हिरवंगार मैदान, पांढरी टोपी आणि रिटायर झालेले साहेब लोक येतात. मलाही तसंच वाटायचं. पण मित्रांनो, हा लेख साहेब लोकांचा नाही, एका लोहाराच्या पोराचा आहे. त्याचं नाव बेन होगन. मेकॅनिकलचा विद्यार्थी म्हणून मला हा माणूस फार जवळचा वाटतो, कारण त्याने स्वतःच्या हातांकडे एखाद्या मशीनसारखं बघितलं आणि त्यातला फॉल्ट शोधून काढला. तोही पोटाला चिमटा काढून, वर्षानुवर्षं.

होगन जन्मला १३ ऑगस्ट १९१२ रोजी, अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात. वडील चेस्टर लोहारकाम करायचे. १९२२ मध्ये फोर्ट वर्थच्या राहत्या घरी वडिलांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. बेन तेव्हा नऊ वर्षांचा होता. मग हा पोरगा रेल्वे स्टेशनवर पेपर विकू लागला. अकराव्या वर्षी त्याला कळलं की गोल्फ क्लबवर लोकांच्या बॅगा उचलल्या तर पेपरपेक्षा जास्त पैसे मिळतात. ग्लेन गार्डन नावाच्या क्लबवर तो कॅडी झाला. गंमत म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेला बायरन नेल्सन हाही त्याच क्लबवर, त्याच वयाचा कॅडी होता.

१९३० मध्ये, अवघ्या सतराव्या वर्षी होगन प्रोफेशनल झाला. आणि इथून त्याचे हाल सुरू झाले. अंगाने तो लहानखुरा. धिप्पाड खेळाडूंइतका लांब चेंडू मारायचा तर पूर्ण ताकदीनिशी क्लब फिरवायला हवा. तसा तो फिरवायचा, आणि चेंडू लांब जायचाही. पण हवेत अर्ध्या वाटेवर गेल्यावर अचानक डावीकडे वळून झाडीत घुसायचा. गोल्फमध्ये याला हूक म्हणतात.

आता थोडी थिअरी. घाबरू नका, डेरिव्हेशन नाही! क्लब चेंडूला चिकटून असतो तो साधारण अर्धा मिलिसेकंद. तेवढ्यात सगळं ठरतं. क्लबची सपाट बाजू, म्हणजे फेस, ज्या दिशेला बघत असेल जवळपास त्या दिशेला चेंडू निघतो. आणि फेसची दिशा व क्लबचा मार्ग यांत जो कोन असेल, त्यामुळे चेंडूच्या फिरण्याचा अक्ष कलतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फेस मार्गाच्या मानाने डावीकडे बंद असेल तर चेंडू डावीकडे वळतो. फ्लुइड मेकॅनिक्समधला मॅग्नस इफेक्ट तो हाच. टेबल टेनिसमध्ये टॉपस्पिनचा बॉल झपकन खाली बसतो तोही यामुळेच. फेस एक अंशाने चुकला तर नुसत्या दिशेतच २५० यार्डांवर साडेचार यार्डांच्या आसपास फरक पडतो. वळणं वेगळंच. त्यात हूक झालेला चेंडू खालून जातो आणि जमिनीवर पडल्यावरही पळत सुटतो. म्हणजे संकटात गेला तर खोलवर जाणार.

होगनचा खरा त्रास हा की हूक दर वेळी येत नसे. आला तरी किती येईल ते सांगता येत नसे. मेट्रोलॉजीच्या लॅबमध्ये आपण मायक्रोमीटरची झीरो एरर आधी बघतो आणि रीडिंगमधून वजा करतो. एरर असली तरी चालतं, कारण ती ठरलेली असते. पण दर वेळी वेगळीच एरर दाखवणाऱ्या मायक्रोमीटरचं करायचं काय? होगनचा स्विंग तसा होता. (स्विंग म्हणजे इथे क्रिकेटमधला नव्हे, तर क्लब मागे नेऊन फिरवण्याची अख्खी क्रिया.)

पैसे संपले की तो घरी यायचा, मिळेल ते काम करायचा, परत निघायचा. १९३५ मध्ये व्हॅलरीशी लग्न झालं, पण चणचण तशीच. १९३८ मध्ये ओकलंडच्या स्पर्धेच्या वेळी सकाळी बाहेर येऊन बघतो तर गाडीचे टायर चोरीला गेलेले! तरी त्याने स्पर्धा पूर्ण केली आणि मिळालेल्या बक्षिसावर पुढची वाट धरली. हेन्री पिकार्ड नावाच्या नामवंत खेळाडूने त्याला सांगून ठेवलं होतं की पैशांची अडचण आली तर मी आहे. आपल्या पाठीशी कुणीतरी उभं आहे, एवढंच होगनला पुरलं. १९४८ मध्ये त्याने आपलं पहिलं पुस्तक पिकार्डलाच अर्पण केलं.

होगन सरावाच्या मैदानावर तासन्‌तास उभा राहायचा. त्या काळी प्रोफेशनल खेळाडू एवढी प्रॅक्टिस करत नसत. १९४० मध्ये, प्रोफेशनल झाल्यावर दहा वर्षांनी, एकट्याच्या बळावर त्याने पहिली मोठी स्पर्धा जिंकली, आणि लागोपाठ आणखी दोन. पण हूकची भीती गेली नव्हती. मध्ये युद्ध आलं. त्यातून परत आल्यावर, १९४६ च्या सुमारास, त्याला हवी ती गोष्ट सापडली.

त्याने केलेला बदल दिसायला अगदी किरकोळ आहे. डाव्या हाताची पकड थोडी डावीकडे फिरवली, म्हणजे अंगठा दांड्याच्या बरोबर वर आला. आणि क्लब डोक्यामागे वर गेला की डावं मनगट किंचित मागे वाकवायचं. त्यामुळे फेस काही अंशांनी उघडा राहतो. मग खाली येताना कितीही जोर लावा, तो वेळेआधी बंद होतच नाही. चेंडू सरळ निघून शेवटी हलकेच उजवीकडे झुकतो आणि उंचावरून मऊ उतरतो. याला फेड म्हणतात. यात थोडी लांबी जाते. होगनने ती जाऊ दिली.

मला इथेच त्याची खरी हुशारी दिसते. समजा मैदानाचा पट्टा ३० यार्ड रुंद आहे. चेंडू दोन्हीकडे वळू शकत असेल तर मध्यावर नेम धरावा लागतो आणि प्रत्येक बाजूला १५ यार्डच हाती राहतात. पण चेंडू डावीकडे जाणारच नाही अशी खात्री असेल तर नेम डाव्या कडेवर धरा, पूर्ण ३० यार्ड तुमचे! होगनने चूक शून्यावर आणली नाही. तिची एक बाजू बंद केली आणि टॉलरन्स दुप्पट करून घेतला.

१९४६ मध्ये १३ स्पर्धा, १९४८ मध्ये १० स्पर्धा आणि यूएस ओपन. सगळं जमून आलं होतं. आणि २ फेब्रुवारी १९४९ रोजी टेक्सासमधल्या व्हॅन हॉर्न गावाजवळ धुक्यात समोरून येणारी बस त्याच्या गाडीवर आदळली. शेजारी बसलेल्या बायकोला वाचवायला होगनने स्वतःला तिच्या अंगावर झोकून दिलं. स्टिअरिंगचा दांडा त्याच्या रिकाम्या सीटमधून आरपार गेला. कंबरेचं हाड, गळपट्टीचं हाड, घोटा, बरगडी, सगळं मोडलं. रक्ताच्या गाठी होऊ लागल्या तेव्हा डॉक्टरांना पायांकडून हृदयाकडे जाणारी मुख्य शीर बांधून टाकावी लागली. तो ५९ दिवस हॉस्पिटलमध्ये होता.

सोळा महिन्यांनी, जून १९५० मध्ये, तो मेरियन मैदानावर यूएस ओपन खेळला. शेवटच्या दिवशी ३६ होल चालायचे होते, पायांना पट्ट्या गुंडाळून. शेवटच्या होलवर, २०० यार्डांहून लांबून, थकलेल्या पायांवर त्याने मारलेला फटका ग्रीनवर जाऊन बसला. बरोबरी झाली, आणि दुसऱ्या दिवशीच्या प्लेऑफमध्ये तो जिंकला. १९५३ मध्ये मास्टर्स, यूएस ओपन आणि स्कॉटलंडच्या कार्नूस्टीवरची ब्रिटिश ओपन, तिन्ही एका वर्षात. एकूण नऊ मेजर.

मग हूक कायमचा गेला का? तर नाही. १९५५ च्या यूएस ओपनच्या प्लेऑफमध्ये शेवटच्या होलवर तो फक्त एका फटक्याने मागे होता. फटका मारताना पाय घसरला आणि चेंडू डावीकडे, उंच गवतात. जॅक फ्लेक नावाचा फारसा माहीत नसलेला खेळाडू जिंकला, आणि त्याच्या हातात होगनच्याच कंपनीचे क्लब होते!

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लाइफ मासिकात होगनने मनगटाचं गुपित उघड केलं. १९५७ चं त्याचं पाच धड्यांचं पुस्तक आजही वाचलं जातं. पण ते गुपित वापरून कित्येक हौशी खेळाडूंचा खेळ आणखी बिघडला. कारण साधं आहे. हौशी माणसाचा चेंडू बहुधा उजवीकडे जातो. होगनचं औषध डावीकडे जाणाऱ्यासाठी होतं. आपण मागच्या बॅचची फाइल उतरवतो, पण त्यांचा सेटअप वेगळा होता हे बघत नाही, तसंच हे.

होगन २५ जुलै १९९७ रोजी फोर्ट वर्थमध्येच गेला. त्याच्या स्विंगची जुनी फिल्म नेटवर सहज मिळते. सबमिशनमधून वेळ मिळाला तर जरूर बघा. चेंडूकडे नको, क्लब वर गेल्यावर डाव्या मनगटाकडे बघा. त्या दोन-चार अंशांच्या वाकण्यासाठी त्याची दहा-पंधरा वर्षं गेली.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी