मायकेल फॅरेडे : आयनांच्या वाटेचा शोध

मायकेल फॅरेडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ एका लोहाराच्या घरी झाला. घरची परिस्थिती बेताची असल्याने लेखन, वाचन आणि जुजबी अंकगणित एवढेच शालेय शिक्षण त्यांच्या पदरी पडले. चौदाव्या वर्षी ते पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागले आणि बांधणीस आलेले ग्रंथ वाचू लागले. १८१२ मध्ये सर हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकून त्यांनी टिपणे काढली, ती स्वतः बांधली व डेव्ही यांच्याकडे पाठविली. पुढील वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत त्यांना साहाय्यकाची जागा मिळाली.

द्रावणातून वीज गेली की घटक वेगळे होतात, हे तेव्हा ज्ञात होते. धातूचे ध्रुव त्या घटकांना दुरून खेचून घेतात, अशी विद्वानांची समजूत होती. फॅरेडे यांनी ती तपासून पाहिली. क्षाराच्या द्रावणात भिजविलेला लिटमसचा व हळदीचा कागद एकमेकांस लावून त्यांनी तारांची टोके थोडी दूर, हवेतच ठेवली. धातूचा स्पर्श नसतानाही लिटमसपाशी आम्ल आणि हळदीपाशी अल्क प्रकटले. हळदीला चुना लागताच उमटणारा लाल रंग आपल्या परिचयाचाच आहे. दुसऱ्या प्रयोगात मॅग्नेशियम सल्फेटच्या द्रावणावर त्यांनी हलकेच शुद्ध पाण्याचा थर दिला. तेव्हा मॅग्नेशिया ध्रुवावर न साचता दोन थरांच्या सीमेवरच साचला. घटकांची वाटचाल द्रवाच्या अंतरंगात घडते आणि द्रव बदलला की त्यांचा मुक्कामही बदलतो, हे यातून सिद्ध झाले.

ही वाटचाल मोजताही येते, हे त्यांनी पुढे दाखविले. जितकी वीज द्रावणातून जाते, तितक्याच प्रमाणात पदार्थ मुक्त होतो. वीज दुप्पट केली की पदार्थही दुप्पट. धातूंचे शुद्धीकरण आणि विद्युत विलेपन आजही याच नियमाने चालते. १८३४ मध्ये विल्यम ह्यूवेल यांच्या सल्ल्याने त्यांनी या प्रवासी घटकांना आयन हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जाणारा असा आहे.

कीर्ती लाभल्यावरही त्यांनी सरदारकी नाकारली, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही स्वीकारले नाही. नाताळात मुलांसाठी व्याख्याने देण्यात मात्र ते वर्षानुवर्षे रमले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले. उच्च गणिताचे शिक्षण त्यांना कधीच लाभले नाही. परंतु मान्य मताला साध्या प्रयोगाने प्रश्न विचारण्याचे धैर्य त्यांच्यापाशी होते. प्रत्येक शालेय प्रयोगशाळेला त्यांनी दिलेला हाच खरा वारसा होय.