तक्त्यांना गणिताचे अधिष्ठान देणारे एडगर कॉड

सातबारा आणि आठ-अ या दोन उताऱ्यांतील फरक छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील शेतकऱ्यांना नव्याने सांगावा लागत नाही. सातबारा हा गटनिहाय असतो, तर आठ-अ मध्ये एका खातेदाराच्या नावावरील त्या गावातील सर्व गट एकत्र येतात. जमीन तीच, मांडणी मात्र वेगळी. मूळ नोंद एकदाच करावी आणि गरजेनुसार तिची हवी ती मांडणी मागावी, या विचाराला संगणकाच्या क्षेत्रात गणिताचे अधिष्ठान देणारे संशोधक म्हणजे एडगर फ्रँक कॉड.

कॉड यांचा जन्म ऑगस्ट १९२३ मध्ये इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातील पोर्टलंड येथे झाला. ऑक्सफर्डच्या एक्सेटर महाविद्यालयात त्यांनी गणित व रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होते. १९४८ मध्ये ते अमेरिकेत गेले आणि पुढच्याच वर्षी आयबीएम कंपनीत रुजू झाले. सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेमुळे उद्विग्न होऊन १९५३ मध्ये त्यांनी कॅनडाची वाट धरली. १९५७ मध्ये ते आयबीएममध्ये परतले. १९६५ मध्ये मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविल्यानंतर कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील प्रयोगशाळा ही त्यांची कर्मभूमी ठरली.

त्या काळी संगणकातील नोंदी एकमेकींना साखळीसारख्या जोडलेल्या असत. कोणत्या नोंदीवरून कोणत्या नोंदीकडे जायचे, ही वाट प्रोग्रॅमरला ठाऊक असावी लागे. दप्तरखान्यातील कागद मिळविण्यासाठी कपाट, कप्पा आणि गठ्ठा यांची खूण पाठ असावी, तसाच हा प्रकार होता. नवा प्रश्न पडला की नवा प्रोग्रॅम लिहिणे आले.

जून १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात कॉड यांनी ही साखळीच तोडली. सारी माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, एका चौकटीत एकच मूल्य असावे आणि काय हवे ते सांगावे. ते कसे शोधायचे हे संगणकाने पाहावे, असा त्यांचा सिद्धांत होता. यालाच रिलेशनल डेटाबेस म्हणतात.

मात्र आयबीएमची जुन्या पद्धतीवरील आयएमएस ही प्रणाली तेव्हा उत्तम चालत होती. त्यामुळे घरच्याच संशोधकाच्या कल्पनेला कंपनीने तातडीने बाजारपेठ दाखविली नाही. १९७९ मध्ये लॅरी एलिसन यांच्या कंपनीने ओरॅकल विक्रीस आणले. आयबीएमचे पहिले एसक्यूएल उत्पादन १९८१ मध्ये आले. त्याच वर्षी कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. एसक्यूएल ही भाषा त्यांच्या सहकाऱ्यांनी घडविली, परंतु ती सिद्धांताशी पुरेशी प्रामाणिक नाही, ही त्यांची तक्रार अखेरपर्यंत राहिली. १९८५ मध्ये त्यांनी आपले प्रसिद्ध बारा नियम मांडले, ते याच अस्वस्थतेतून.

एका चौकटीत एकच मूल्य, हा आग्रह का? तालुक्यातील खातेदारांचा एक तक्ता कल्पावा. उभ्या रांगेत खातेदार, आडव्या शीर्षकांत गावे आणि चौकटीत गट क्रमांक. अशा फिरविलेल्या मांडणीला पिव्हट म्हणतात. एकाच गावात एखाद्याचे ११२ आणि १४५ असे दोन गट असतील, तर क्षेत्राची बेरीज करता येते; गट क्रमांकांची नाही. ती केल्यास २५७ हा भलत्याचाच गट हाती येईल. दोहोंतील मोठा क्रमांक निवडावा, तर ११२ हा गट गुपचूप गळून पडेल. म्हणून ही मूल्ये मजकूर समजून, ठरावीक क्रमाने, मध्ये स्वल्पविराम देऊन जोडावी लागतात. मायएसक्यूएलमधील ग्रुप कॉन्कॅट, ओरॅकलमधील लिस्टॅग किंवा पोस्टग्रेसमधील स्ट्रिंग अ‍ॅग ही कार्ये हेच काम करतात. गावांची यादी आधी ठाऊक नसेल, तर ती मूळ नोंदींतून काढून त्यानुसार प्रश्नच रचावा लागतो. हाच डायनॅमिक पिव्हट.

येथेच कॉड यांचा नियम कामी येतो. जोडलेला मजकूर पाहण्यासाठी असतो, साठविण्यासाठी नव्हे. तोच मूळ तक्त्यात कोंबला, तर गट १२ शोधताना ११२ ही पुढे येतो आणि एक गट विकला गेला की संपूर्ण ओळ खोडून लिहावी लागते. जमिनीच्या नोंदीत अशी चूक म्हणजे वादाला निमंत्रणच.

१९८४ मध्ये आयबीएममधून निवृत्त झाल्यावरही कॉड स्वस्थ बसले नाहीत. माहिती अनेक अंगांनी फिरवून पाहण्याच्या पद्धतीला १९९३ मध्ये त्यांनी ओलॅप हे नाव रूढ केले. मात्र त्या निबंधामागे असे उत्पादन विकणाऱ्या कंपनीचे आर्थिक पाठबळ असल्याचे उघड झाल्याने त्यांच्यावर टीकाही झाली.

१८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडा येथे, वयाच्या ७९ व्या वर्षी कॉड यांचे निधन झाले. त्यांच्या सिद्धांतावर इतरांनी मोठमोठ्या कंपन्या उभ्या केल्या. स्वतः कॉड अखेरपर्यंत संशोधकच राहिले. बँकेचे खातेपुस्तक, रेल्वेचे आरक्षण वा विद्यापीठाची गुणपत्रिका हाती घेताना त्यांचे नाव कोणाला आठवत नाही. नोंद मात्र आजही त्यांनीच सांगितलेल्या शिस्तीत ठेवली जाते.