हेन्री व्हॅनडाइक कार्टर

हेन्री व्हॅनडाइक कार्टर (जन्म : २२ मे १८३१, हल, इंग्लंड, मृत्यू : ४ मे १८९७, स्कारबरो, इंग्लंड) हे ब्रिटिश शरीररचनाशास्त्रज्ञ, वैद्यकीय चित्रकार व चिकित्सक होते. ग्रेज ॲनाटॉमी या जगप्रसिद्ध ग्रंथातील आकृत्या त्यांनी काढल्या. मुंबई व सातारा येथे सेवा करीत असताना त्यांनी लसीका वाहिन्यांचे विकार, महारोग, मदुरापाद आणि उलटणारा ताप यांवर मूलभूत संशोधन केले. आकृत्यांमुळे त्यांचे काम सर्वांना परिचित असले, तरी भारतातील त्यांच्या तीस वर्षांच्या कार्याची त्या मानाने फारशी ओळख राहिलेली नाही.

प्रारंभिक जीवन
कार्टर यांचे वडील हेन्री बार्लो कार्टर हे निसर्गचित्रकार होते. रेखाटनाचा वारसा कार्टर यांना घरातूनच लाभला. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात घेतले. पुढे रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये त्यांनी शरीररचनाशास्त्राचा विशेष अभ्यास केला आणि १८५६ मध्ये लंडन विद्यापीठाची एम.डी. पदवी मिळवली.

ग्रेज ॲनाटॉमी
सेंट जॉर्ज रुग्णालयातील सहकारी हेन्री ग्रे यांनी शरीररचनेवरील पाठ्यपुस्तक लिहिण्याचे योजिले, तेव्हा आकृत्यांचे काम कार्टर यांच्याकडे आले. १८५८ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या आवृत्तीत ३६३ आकृत्या होत्या. अवयवांची नावे आकृतीवरच छापण्याच्या पद्धतीमुळे विद्यार्थ्यांची मोठी सोय झाली. हाडे, स्नायू, रक्तवाहिन्या व मज्जातंतूंप्रमाणेच लसीका वाहिन्यांनाही या ग्रंथात स्वतंत्र स्थान होते. या कामाबद्दल कार्टर यांना १५० पौंडांची ठोक रक्कम मिळाली. विक्रीवरील मानधन मात्र केवळ ग्रे यांच्याकडे गेले. मुखपृष्ठावरील कार्टर यांचे नाव लहान अक्षरांत छापावे, अशी दुरुस्तीही ग्रे यांनी मुद्रितावर केली. पुस्तक बाजारात आले, तेव्हा कार्टर भारतात पोहोचले होते. ग्रे यांचे १८६१ मध्ये देवीच्या रोगाने अकाली निधन झाले.

मुंबईतील कार्य
१८५८ च्या आरंभी भारतीय वैद्यकीय सेवेत दाखल होऊन कार्टर मुंबईस आले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात ते शरीररचना व शरीरक्रियाविज्ञान शिकवू लागले; त्याचबरोबर जमशेदजी जीजीभाई रुग्णालयातही त्यांनी काम केले. मुंबईच्या कष्टकरी वस्तीत कोकणातून आलेल्यांचा भरणा मोठा होता. बंदरापलीकडचा अलिबाग-पेणचा किनारा, म्हणजे पुढे कुलाबा व आज रायगड या नावाने ओळखला जाणारा जिल्हा, याच मुंबई इलाख्याचा भाग होता. पायाला गाठी येऊन त्यांतून दाणेदार पू वाहणाऱ्या मदुरापाद या रोगाचे कारण बुरशी आहे, असे कार्टर यांनी प्रतिपादन केले व त्याला मायसेटोमा हे नाव दिले.

लसीका वाहिन्यांवरील संशोधन
पेशींभोवती साचणारे जादा पाणी व प्रथिने गोळा करून पुन्हा रक्तात पोहोचवणे, आतड्यांत शोषलेले स्निग्ध पदार्थ वाहून नेणे आणि रोगजंतूंशी झुंजणाऱ्या पेशींना वाट देणे, ही लसीका वाहिन्यांची कामे होत. आतड्यांकडून येणारी लसीका स्निग्धांशामुळे दुधासारखी दिसते.

उष्ण प्रदेशात काही रुग्णांना दुधाळ लघवी होते, ही गोष्ट वैद्यांना ठाऊक होती. तिचे कारण मात्र उलगडलेले नव्हते. फुगलेल्या लसीका वाहिन्यांतून बाहेर पाझरणारा दुधाळ द्रव आणि दुधाळ लघवी ही दोन्ही लक्षणे एकाच रुग्णात आढळल्यावर कार्टर यांनी त्यांची सांगड घातली. रुंदावलेल्या लसीका वाहिन्यांचा मूत्रमार्गाशी संबंध येऊन लसीका मूत्रात मिसळते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हा शोधनिबंध १८६२ मध्ये लंडनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

वाहिन्या कशामुळे बिघडतात, हे त्या वेळी अज्ञात होते. १८७० मध्ये टिमथी लुइस यांना कोलकात्यात अशा लघवीत, व १८७२ मध्ये रक्तात, सूक्ष्म कृमी दिसले. १८७६ मध्ये जोसेफ बँक्रॉफ्ट यांना ऑस्ट्रेलियात प्रौढ कृमी सापडला, तर १८७७ मध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमध्ये डासाच्या शरीरात या कृमीची वाढ होते, हे दाखवले. प्रौढ कृमी लसीका वाहिन्यांत वर्षानुवर्षे राहतात. वाहिन्या रुंदावतात, त्यांच्या झडपा निकामी होतात, द्रव साचतो आणि वरचेवर होणाऱ्या जंतुसंसर्गाने पाय हत्तीच्या पायासारखा जाड होतो. कृमीचा शोध लागण्यापूर्वीच कार्टर यांनी बिघाडाची जागा अचूक ओळखली होती.

महारोग व हत्तीरोग
१८६३ ते १८७२ या काळात कार्टर साताऱ्याचे सिव्हिल सर्जन होते. त्यानंतरच्या रजेत त्यांनी नॉर्वेला जाऊन तेथील महारोग्यांच्या संस्था पाहिल्या. पाश्चात्त्य वैद्यकात एलिफंटायसिस हा एकच शब्द महारोग व हत्तीपाय या दोन्हींसाठी वापरला जाई. त्यामुळे निदानात व रुग्णांच्या व्यवस्थेत घोटाळे होत. महारोगाचा आघात त्वचा व मज्जातंतूंवर, तर हत्तीरोगाचा लसीका वाहिन्यांवर असतो. या दोन्ही रोगांवरील त्यांचा सचित्र ग्रंथ १८७४ मध्ये प्रसिद्ध झाला. महारोग सांसर्गिक आहे, असे त्यांचे मत बनले होते व त्यांनी रुग्णांच्या विलगीकरणाचा पुरस्कार केला.

उत्तरायुष्य
१८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनमधून मुंबईत आलेल्या उपासमारग्रस्तांमध्ये तापाची साथ पसरली. रुग्णांच्या रक्तात मळसूत्री जंतू दाखवून तो उलटणारा ताप असल्याचे कार्टर यांनी १८७७ मध्ये सिद्ध केले. त्यावरील त्यांचा ग्रंथ १८८२ मध्ये निघाला. हिवतापाचे परजीवी भारतात प्रथम पाहणाऱ्यांतही त्यांची गणना होते. १८८८ मध्ये ते निवृत्त झाले व स्कारबरो येथे स्थायिक झाले. त्यांचा पहिला विवाह दुःखद ठरला होता. १८९० मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला. क्षयरोगाने त्यांचे निधन झाले.

महत्त्व
आज हत्तीरोगाच्या निर्मूलनासाठी औषधांचे सामुदायिक वाटप व डास-नियंत्रण केले जाते. कृमी मेल्यावरही निकामी झालेल्या वाहिन्या पूर्ववत होतातच असे नाही; म्हणून पाय रोज साबणाने धुणे, कोरडा ठेवणे व जखमा टाळणे हा उपचाराचा मुख्य भाग ठरतो. विकाराचे मूळ लसीका वाहिन्यांत शोधण्याची जी दृष्टी या उपचारामागे आहे, तिच्या आरंभीच्या प्रवर्तकांत मुंबईच्या या प्राध्यापकाचे स्थान आहे.