सेवेत देह ठेवणाऱ्या सावित्रीबाई

खराडीहून मुळामुठा ओलांडली की मुंढवा लागतो. त्या वाटेने जाताना आम्हांस सावित्रीबाई फुले यांचे स्मरण होते. ३ जानेवारी १८३१ रोजी नायगावी जन्मलेल्या या माउलीचे शिक्षणकार्य सर्वश्रुत आहे; त्यांचा अंत मात्र थोड्यांसच ठाऊक असतो.

१८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. हा रोग पिसवांमुळे पसरतो, हे तेव्हा सिद्ध झाले नव्हते. सरकारी छावणीत नेतील या धास्तीने लोक रोगी लपवीत. भयाने आप्तही दूर सरत. अशा समयी सावित्रीबाईंनी आपले डॉक्टर पुत्र यशवंत यांच्याकडून हडपसरजवळील सासाणे मळ्यात दवाखाना उघडविला. मुंढव्यास, तेव्हा अस्पृश्य मानलेल्या वस्तीत, गायकवाडांचा मुलगा आजारी असल्याचे कळताच त्यांनी त्यास पाठीवर घेऊन तेथे आणले. मुलगा वाचला, त्यांना मात्र प्लेगने गाठले. १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. पुढे १९०५ साली यशवंतरावांसही प्लेगनेच नेले.

आज प्लेगवर औषध आहे. परंतु क्षयासारख्या रोगांत रोग्यास वाळीत टाकण्याची वृत्ती अद्याप आढळते. आपल्या घरचा रोगी कोणी लपवू नये, दुसऱ्याचा कोणी टाकू नये, हेच त्या माउलीचे खरे स्मरण होय, असे आम्हांस वाटते.