दादोबांचे व्याकरण आणि आपले इंग्रजी

कचेरीतील टिप्पणी असो वा नोकरीचा अर्ज, त्यातील इंग्रजी चुका हा आपल्याकडे थट्टेचा विषय होऊन बसला आहे. थट्टेने चूक सुधारत नाही. ती का होते, हे उमगावे लागते. या दृष्टीने दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे चरित्र आजही बोधप्रद आहे.

9 मे 1814 रोजी मुंबईत जन्मलेले दादोबा नव्या इंग्रजी शिक्षणाच्या आरंभकाळातले. लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा नमुना त्यांनी समोर ठेवला, तो मायबोलीचे नियम शोधण्यासाठी. 1836 साली त्यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. पुढे शिक्षकी, अहमदनगरकडील डेप्युटी कलेक्टरी, सुरतेची मानवधर्म सभा, मुंबईची परमहंस सभा, असा व्याप वाढला. तरी व्याकरण सुटले नाही. 1850 मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली आणि 1881 मध्ये त्यांनी त्याला पूरणिका जोडली. पुढच्याच वर्षी, 17 ऑक्टोबर 1882 रोजी, ते निवर्तले. आपलेच पुस्तक पंचेचाळीस वर्षे पारखून घेणारा हा वैयाकरण होता.

आपल्या इंग्रजी चुकांचे मूळ याच अभ्यासाच्या अभावात आहे. 'तो गेला नाही' यात मराठी क्रियापद भूतकाळीच राहते. म्हणून विद्यार्थी 'ही डिड नॉट वेन्ट' लिहितो. 'विषयी चर्चा' या सवयीतून 'डिस्कस अबाउट' येते. 'पाच वर्षांपासून राहतो' याचे 'आय अॅम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' होते. 'ए' आणि 'द' यांना तर मराठीत जोडच नाही. या चुका अडाणीपणाच्या नव्हेत. त्या मराठीच्या नियमांनी लिहिलेल्या इंग्रजीच्या आहेत.

येरमाळ्यासारख्या मराठवाड्यातील गावाला हा प्रश्न अधिक जवळचा आहे. सप्टेंबर 1948 पर्यंत निजामी राजवटीत कारभार व उच्च शिक्षण उर्दूत होते; मराठीच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाला तेथे वाव थोडाच होता. आज मराठी हाती असताना तिचे व्याकरण केवळ गुणांपुरते उरावे, आणि इंग्रजीसाठी मात्र पदरमोड करून शिकवणी लावावी, हे दुर्दैव होय.

शिक्षकांनी फळ्यावर मराठी व इंग्रजी वाक्य शेजारी शेजारी मांडून दोहोंतील भेद दाखवावा. यास खर्च नाही. दादोबा इंग्रजी व्याकरणाच्या वाटेने मराठीकडे आले. आपल्या मुलांना मराठी व्याकरणाच्या वाटेने इंग्रजीकडे नेता येईल.